गीत संपेपर्यंत बाहेर

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

मी ताई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेला, पण तुझा नंबर फिरवायला घेतला की अर्ध्यातच रिसीव्हर खाली ठेवते. म्हणून पत्र. पत्ता जुनाच असेल असं धरून चालले आहे.

पप्पा आता वृद्धाश्रमात आहेत. गेल्या उन्हाळ्यात ते एकटेच घराबाहेर पडले आणि बाजारातल्या फर्निचरच्या दुकानात शिरले. तिथल्या एका कपाटाचं दार उघडून आत डोकं घातलं आणि मालकाला म्हणाले, "अहो, याच्या पट्ट्या कुठे गेल्या सगळ्या? उंदरांनी खाल्ल्या की काय?" ऑर्गन दुरुस्त करायला आलोय अशी त्यांची खात्रीच होती. मालक भला माणूस. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि 'पट्ट्या उद्या येतील' असं सांगून मला फोन केला. त्यानंतर त्यांना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं.

खोली चांगली आहे. खिडकीतून मागचं अंगण दिसतं, दोऱ्यांवर चादरी वाळत असतात. पंखा त्यांना आवडत नाही. बेसूर आहे म्हणतात. नर्सने तो बंद केला तर म्हणाले, "आता बरा लागला."

काही दिवस मी त्यांची मुलगी असते, काही दिवस आई असते, आणि बाकीचे दिवस 'अहो बाई' असते. डॉक्टर म्हणाले, प्रकृती सावकाश उतरणीला लागली आहे, कुणाला भेटवायचं असेल तर भेटवून घ्या. माझ्याकडे भेटवायला तू एकटीच आहेस.

बाकी माझं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण देवाच्या दयेने आवाज आहे तसाच आहे. चर्चच्या क्वायरमध्ये गाताना अजून पहिल्या ओळीत उभी राहते. पप्पांच्या जागी ऑर्गनवर आता आपले दातांचे डॉक्टर बसतात. हल्ली मात्र त्यांनी एक नवीनच काढलंय. शेवटच्या गीताला हात मांडीवर ठेवून गप्प बसतात. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, तुमचे नुसते आवाज ऐकायला बरं वाटतं." ऐकून मला दिवसभर फुलल्यासारखं झालं.

ये गं. एकदा येऊन जा.

तुझी ताई


२६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण तुझ्या हाताच्या. 'ज्यांनी बाहेर काढलं त्यांनी आत बोलवावं. तोवर माझं इथे बरं चाललंय.'

बरं.

एवढ्या वर्षांत आपण दोघी या विषयावर एक अक्षर बोललो नाही. भेटलो तेही दुसऱ्यांच्या लग्नात, नाहीतर मातीला. तुला माहीत असलेलंच लिहिते आहे, पण एकदा कागदावर मांडून बघू दे.

क्वायरमध्ये पप्पांचा नियम होता. गाताना ज्याचा सूर उतरेल त्याने पुस्तक मिटायचं, गुपचूप व्हरांड्यात जायचं, गीत संपेपर्यंत तिथे उभं राहायचं आणि गीत संपलं की आपलं आपण आत यायचं. कुणी बोलवायला येणार नाही, कुणी 'का गं' म्हणणार नाही. सगळेच कधी ना कधी बाहेर जाऊन आले होते. बेकरीवालीने तर व्हरांड्यात स्वतःसाठी एक स्टूल नेऊन ठेवलं होतं. "माझा राखीव डबा" म्हणायची.

आईला मातीला दिल्यानंतरचा तो पहिला रविवार. दुसऱ्याच कडव्यात तुझा आवाज फाटला. तू सतरा वर्षांची होतीस आणि रडत होतीस. पप्पांनी ऑर्गनवरून मान न वळवता दाराकडे बोट केलं. तू पुस्तक मिटलंस आणि गेलीस. गीत संपलं. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. मी दाराकडे बघत होते. व्हरांड्यात कुणी नव्हतं. संध्याकाळी मावशीच्या गावाहून निरोप आला, की पोरगी इथे पोहोचली आहे, काळजी नको.

तुला वाटलं, आज तरी ते उठून हाक मारायला येतील. त्यांना वाटलं, गीत संपलं की येईल, सगळे येतात तशी. वर्षानुवर्षं उपासना संपल्यावर ते शेवटचे बाहेर पडायचे. ऑर्गन पुसायचे, झाकायचे, पुन्हा उघडून पुसायचे. मला तेव्हा तो त्यांचा नीटनेटकेपणा वाटायचा.

आता ते तुला कसे बोलवणार, भिंगरी? परवा मी तुझा फोटो नेला होता, तो फ्रॉकमधला. बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "गोड आहे. कुणाची?" मी म्हटलं, "तुमची." तर मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "नाही हो, मी लग्न केलं नाही अजून."

मी हसले. नर्सही हसली. मग मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

म्हातारपण म्हणजे शक्ती जाते, एवढंच मी धरून होते. हे दुसरंच काहीतरी आहे. जणू कुणीतरी घरातलं सामान एकेक करून उचलून नेतंय. आधी किल्ल्या नेल्या, मग रस्ते, मग माणसांची नावं. प्रभूची प्रार्थनासुद्धा आता अर्ध्यात थांबते. ते माझ्या तोंडाकडे बघतात, मी पुढचं म्हणते, आणि शेवटी ते एवढं ठणकावून 'आमेन' म्हणतात की सगळी प्रार्थना त्यांनीच केली असं ऐकणाऱ्याला वाटावं. पूर्वी मला भीती वाटायची. ज्याला देव आठवत नाही त्याच्या श्रद्धेचं काय, असं मनात यायचं. हल्ली त्या 'आमेन'नंतर ती भीती जरा कमी होते. पप्पा देवाला विसरले तरी देव काही पप्पांना विसरलेला नाही. दोरी आपल्याच हातात आहे असं आपण उगाच समजत होतो.

तुझी अट मला कळते. रागावले नाहीये. पण ज्यांच्याकडून तुला हाक हवी आहे, ते माझ्या हातून रोज थोडे थोडे निसटताहेत.

तुझी ताई


१५ मार्च

भिंगरी,

आज 'प्रिय'सुद्धा लिहायचं सुचेना इतकी मी हादरले आहे. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

काल पप्पांकडे गेले होते. त्यांचे पाय दाबत होते आणि सवयीने गुणगुणत होते, आईचं आवडतं गीत. पप्पा डोळे मिटून पडलेले. मला वाटलं झोपले. तर डोळे न उघडता म्हणाले, "उतरतेयस."

मी थांबले. "काय म्हणालात पप्पा?"

"सूर उतरतोय. पहिल्यापासून धर."

मी पहिल्यापासून धरलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, लिंबू चावल्यासारखं. आपल्या मुली किती हे ज्यांना सांगता येत नाही त्यांना माझा सूर कळतो! मला आधी राग आला, मग हसू. त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण रस्त्याने येताना दातांच्या डॉक्टरांचे मांडीवरचे हात आठवले आणि घराकडे वळायचं सोडलं.

तशीच बेकरीत गेले. बेकरीवाली पाव कापत होती.

"खरं सांग, माझा सूर उतरतो?"

तिने सुरी खाली ठेवली. "कोण म्हणालं?"

"पप्पा."

"ते काय, कपाटाला ऑर्गन म्हणतात!"

"तू माझ्याकडे बघून सांग."

मग बिचारीने पीठ लागलेले हात एप्रनला पुसले आणि मला आत बसवलं. भिंगरी, तीन वर्षं झाली. तीन वर्षं माझा आवाज घसरतोय आणि मला कळत नाहीये. शेवटच्या गीतापर्यंत तर मी पार तळाला गेलेली असते.

"मग तुम्ही सगळे सुरात कसे राहता?" मी विचारलं.

"राहतो कुठे? तू पहिल्या ओळीत, बाकी सगळे तुला ऐकून गाणार. तुला वर ओढून बघितलं, तू काही येईनास. मग आम्हीच खाली आलो. सगळे. ते सोपं पडलं."

"आणि डॉक्टर?"

"ऑर्गनला कसं उतरवणार? त्याच्या पट्ट्या जिथल्या तिथे. म्हणून तो हात बांधून बसतो. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा काय भयानक ऐकू आलं माहितीये! पाळकसाहेबांनी डोळेच मिटले. लोकांना वाटलं प्रार्थना करताहेत."

"मला सांगायचं नाही? बाहेर काढायचं मला. नियम आहे."

"कुणाचा नियम? तुझ्या बापाचा. आम्ही काय तुझे बाप आहोत?" मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "अगं, तुला बाहेर उभं करून आम्ही आत काय गाणार होतो?"

मी घरी येऊन चपला न काढताच खुर्चीत बसले. मला लाज वाटत होती, म्हणजे अगदी कान तापावेत अशी लाज. आवाज हीच माझी मिळकत होती. लग्न झालं नाही, लेकरं नाहीत, दिसण्यात मी कधी कुणाच्या खिजगणतीत नव्हते. पण पहिल्या ओळीत उभी राहिले की मी कुणीतरी होते. कसर आणि गंज जिथे पोहोचत नाही तिथे ठेवा साठवा, हे मी लहान मुलांना रविवारच्या वर्गात शिकवलं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे भांडी आणि लोकरीचे कपडे असायचे. गळ्यालाही गंज चढतो, हे कधी मनात आलं नाही.

मग संध्याकाळ होता होता दुसरंच काही मनात आलं. सगळ्या क्वायरने माझ्यासाठी आपला चांगला, घोटलेला सूर सोडून दिला. दर रविवारी, सगळ्या मंडळीसमोर, वाईट गायलं. आणि मला सुगावा लागू दिला नाही. प्रभू आपल्यासाठी खाली आला, आपल्यातला होऊन राहिला, हे मी लहानपणापासून इतक्या उपदेशांत ऐकलं की शब्द झिजून गुळगुळीत झाले होते. काल एका पाव कापणाऱ्या बाईने ते मला सांगितलं आणि मी पहिल्यांदाच ऐकलं. माझा आवाज आणखी थोड्या दिवसांनी पूर्ण जाईल. त्यांनी केलेलं मात्र कुठे जाईल? मला नाही वाटत कुठे जाईल.

क्वायर सोडणार आहे. त्यांना परत वर जाऊ दे.

ताई


२ एप्रिल

प्रिय भिंगरी,

हे पत्र सावकाश वाच. बसून वाच.

काल दुपारी मी पप्पांना मुद्दाम गाऊन दाखवलं. क्वायर सोडल्यापासून माझ्या गाण्याला ते एकटेच श्रोते उरलेत, आणि खरं बोलणारे तर तेवढेच. पहिलं कडवं कसंबसं धकलं. दुसऱ्यात त्यांनी डोळे उघडले. उशीवरून मान न वळवता हात उचलला आणि दाराकडे बोट केलं.

तेच बोट, भिंगरी. सुरकुतलेलं, पण तेच.

मी उठले. का उठले सांगता येत नाही. 'अहो पप्पा, झोपा आता' म्हणता आलं असतं. पण पुस्तक हातात असल्यासारखे हात मिटले आणि बाहेर जाऊन उभी राहिले. कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून, औषधांच्या गाडीशेजारी. नर्स येत होती.

"काय झालं आजी? इथे का?"

"बाहेर काढलंय."

"कुणी?"

"बापाने."

तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. "या वयात?"

"वय बघत नाहीत ते."

ती पदर तोंडाला लावून हसत निघून गेली. मीही हसत होते. मग हसता हसता लक्षात आलं, की आत गीत चालूच नाहीये. मग ते संपणार कधी? मी आत कधी जायचं? आणि तेव्हा मला तू दिसलीस. सतरा वर्षांची, व्हरांड्यात. आतून आवाज येतोय, आई मातीत आहे, आणि कुणीही येणार नाहीये. एवढ्या वर्षांत मी दाराच्या आतल्या बाजूनेच ते बघत आले होते.

तेवढ्यात आतून आवाज आला.

"अगं ए! बाहेर काय करतेयस? आत ये ना. गार वारा सुटलाय."

सगळ्या आयुष्यात त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती. नियमात ती नव्हतीच. तो नियमही आता त्यांच्या डोक्यातून कुणी उचलून नेलाय, म्हणूनच हाक फुटली असेल. मी आत गेले. ते कोपरावर उठून बसायची धडपड करत होते. मी त्यांना धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत होते.

"आणि ती?" म्हणाले.

"कोण पप्पा?"

"ती नाही आली आत?"

"कोण ती?"

त्यांना नाव सापडेना. तोंड नुसतं हलत राहिलं. मग म्हणाले, "रडत होती ती."

भिंगरी, मी तुला खोटं सांगणार नाही. त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. 'माझं चुकलं' म्हणाले नाहीत, आणि आता म्हणायचेही नाहीत. ती वेळ गेली. दहा मिनिटांनी ते पंख्याशी भांडत होते. आश्रमातल्या दुसऱ्या कुणाला रडताना बघितलं असेल आणि त्याबद्दल बोलत असतील, असंही असू शकतं. तू तसं म्हणालीस तर मी वाद घालणार नाही.

पण तू हाक मागितली होतीस आणि हाक आली. मी ती ऐकली. म्हणून तुला पोचवते आहे. पुढे तुझं तू ठरव.

तुझी ताई


रविवारी सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर

भिंगरी,

उठवलं नाही. प्रवासाने पार दमली आहेस. झोपेत अजून पांघरूण लाथाडतेस, दोनदा घातलं. अंडी उकडून ठेवली आहेत. पाव बेकरीवालीने सकाळीच आणून दिला, अजून गरम असेल. तिला तुला बघायचं होतं. दाराच्या फटीतून बघून डोळे पुसत गेली. "केस पिकले गं पोरीचे" म्हणाली. स्वतःच्या डोक्यावर एक काळा केस नाही!

काल पप्पांच्या खोलीच्या दाराशी तू थबकलीस तेव्हा मी नर्सशी चादरींविषयी बोलत होते, ते मुद्दाम. पण ऐकलं सगळं. त्यांनी विचारलं, "कोण तुम्ही?" आणि तू म्हणालीस, "मी बाहेर होते." मला वाटलं आता तू पुढचं सगळं बोलशील. बोलली असतीस तर तो तुझा हक्कच होता. तू नुसती उभी राहिलीस. आणि ते शेजारची खुर्ची थोपटत म्हणाले, "मग बस की. एवढा वेळ उभी कशाला राहिलीस?"

किती वेळ ते त्यांना माहीत नाही. तुला माहीत आहे, आणि तरीही तू बसलीस. नंतर त्यांनी तुझा हात सोडला नाही. जेवण भरवू दिलं ते तुला, मला नाही. थोडा मत्सर वाटला, खरं सांगते.

तू देवाला मानतेस की नाही, मी विचारणार नाही. रात्री जेवताना मी प्रार्थना केली तेव्हा तू डोळे उघडे ठेवले होतेस. म्हणजे मीही उघडले होते, त्याशिवाय कसं दिसणार! त्याबद्दल मी देवाशी बघून घेईन. एवढं मात्र मला वाटतं, की आपण मागे काय ठेवून जाऊ याची मी उगाच फार काळजी केली. आवाज उरत नाही, घर नाही, नावसुद्धा नाही. काल त्या खुर्चीवर तू बसलीस, तसलं काहीतरी उरत असावं. आणि ते आपल्यापाशी नाही, त्याच्यापाशी उरतं.

मी चर्चला जाते आहे. मी मागून तिसऱ्या बाकावर असेन. तिथे कुणी गाणं ऐकत नाही, म्हणून पोटभर गाते. वाटलं तर ये. उशिरा आलीस तरी चालेल, अगदी शेवटच्या गीताला आलीस तरी.

आणि एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. मागच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डावा कान जवळजवळ गेलाय आणि परत यायचा नाही म्हणतात. तेव्हा आलीस तर माझ्या उजव्या हाताला बस. मला तू ऐकू यायला हवीस.

ताई